कॉन्स्टेबलसारखं झाड रंगवायचंय? मग पानं विसरा, खोडापासून सुरू करा

शाळेत आपण सगळ्यांनी जे झाड काढलंय ते झाड नाहीच मुळात, तो फ्लॉवरचा गड्डा आहे. खाली चॉकलेटी दांडा, वर हिरवा ढग आणि ढगाला कडेने गोल गोल वळणं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला त्यालाच जरा शेडिंग मारून आपण ग्रेडसुद्धा मिळवली. मी तर पुढची कितीतरी वर्षं तेच झाड काढत होते, फक्त कागद महाग होत गेला.

मग इकडे इंग्लंडला आल्यावर लंडनच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियममध्ये इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं एक छोटंसं चित्र बघितलं. साधारण १८२१ चं, कागदावर ऑइलमध्ये केलेलं, ए फोर कागदापेक्षा जेमतेम रुंद. त्यात एका एल्मच्या झाडाचं नुसतं खोड आहे. शेंडा नाही, घेर नाही, चित्राच्या चौकटीने झाड वरनं सरळ कापलंय. पण ती साल अशी आहे की हात लावला तर बोटाला खरखर लागेल असं वाटतं. मी तिथे इतका वेळ उभी होते की नवरा दोनदा येऊन बघून गेला. नंतर कळलं की लुसियन फ्रॉइडसारख्या नावाजलेल्या ब्रिटिश चित्रकारालाही या चित्राने छळलं होतं, विद्यार्थी असताना त्याने असंच खोड करायचा प्रयत्न केला, जमेना म्हणून सोडून दिलं, आणि थेट म्हातारपणी, २००३ मध्ये, त्याच चित्रावरनं एचिंग (आम्लाने धातूच्या पत्र्यावर कोरलेलं छापचित्र) केलं. त्यामुळे आपल्याला पहिल्या रविवारी जमलं नाही तर मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

खाली जे लिहिलंय ते गेली पाच-सहा वर्षं कॉन्स्टेबलच्याच गावाकडे, सफोक आणि एसेक्सच्या मधल्या स्टूर नदीच्या खोऱ्यात, वीकेंडला स्टूल टाकून बसून बसून शिकलेलं आहे. पद्धत माझी नाही, १८०० च्या आसपासच्या रोमँटिक लँडस्केपवाल्यांची आहे. त्यातल्या चुका तेवढ्या माझ्या.

आधी थोडं मागचं, म्हणजे पुढचं पटेल

रोमँटिक म्हटलं की आपल्याला वादळ, पडके मठ, चंद्रप्रकाश असलं काहीतरी आठवतं. ते आहेच, पण त्याच्या खाली प्रचंड कोरडी मेहनत आहे, आणि ती बहुतेक झाडांसमोर बसून केलेली आहे. त्याआधी झाडं काढायची म्हणजे जुन्या मास्टर्सची चित्रं बघून काढायची अशीच बहुतेकांची रीत होती. ती चित्रं जुन्या वार्निशने तपकिरी पडलेली, त्यामुळे लोकांना झाडही तपकिरीच आवडायचं. सर जॉर्ज बोमंट नावाचे मोठे रसिक होते, त्यांचं म्हणणं, चित्राचा रंग जुन्या क्रेमोना व्हायोलिनसारखा तपकिरी हवा. कॉन्स्टेबलने काय केलं, एक जुनं व्हायोलिन उचललं आणि घरासमोरच्या हिरव्यागार लॉनवर नेऊन ठेवलं. बोलला काहीच नाही. (हा किस्सा त्याच्या मित्राने, सी. आर. लेस्लीने, लिहून ठेवलाय, आणि मला फार आवडतो.)

१८०२ मध्ये त्याने गावाकडच्या मित्राला पत्र लिहिलं होतं की गेली दोन वर्षं मी चित्रांच्या मागे धावतोय आणि सत्य दुसऱ्याच्या हातनं शोधतोय. पिंटरेस्टवरचे फोटो बघून झाडं काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाक्य मोबाईलच्या स्क्रीनवर लावून ठेवावं.

झाड निवडणं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बसायची जागा निवडणं

सुंदर झाड शोधत फिरू नका, त्यात सकाळ जाते. जवळचं झाड घ्या, जिथे तुम्ही दहा वेळा जाऊ शकता. कॉन्स्टेबल तरी काय करत होता, १८१७ मध्ये ईस्ट बर्गहोल्टच्या ओल्ड हॉल पार्कातले एल्म त्याने पेन्सिलने काढले, म्हणजे स्वतःच्या जन्मगावातलेच. चित्रकार जॉन क्रोम नॉरिचचा, त्याने पोरिंगलंडचा ओक रंगवला, ते गाव नॉरिचपासून अगदी जवळ. कुठे आल्प्समध्ये जायची गरज दोघांनाही पडली नव्हती.

जागेचं मात्र नीट बघा. पूर्ण झाड काढायचं असेल तर झाडाच्या उंचीच्या निदान तिप्पट लांब बसा, नाहीतर मान वर-खाली करत राहाल आणि खालचा भाग एका नजरेने, वरचा दुसऱ्या नजरेने असं विचित्र झाड होईल. नुसत्या खोडाचा अभ्यास असेल तर तीन-चार मीटर पुरे. दुसरं म्हणजे ऊन बाजूने यायला हवं. ऊन तुमच्या पाठीमागून येत असेल तर खोड सपाट फळीसारखं दिसतं, गोलाई कळतच नाही, आणि समोरून येत असेल तर सगळं काळं. सकाळी नऊला किंवा दुपारी चारला जा, बारा वाजता डबा खा.

आणि कागदावर ऊन पडू देऊ नका. ही चूक मी अख्खा एक उन्हाळा केलीये. उन्हातल्या कागदावर रंग इतका उजळ दिसतो की आपण सगळं गडद करत सुटतो आणि घरी आल्यावर चित्र कोळशासारखं दिसतं. छत्री, टोपी, दुसऱ्या झाडाची सावली, काहीही करा.

पहिल्या दिवशी रंग नेऊच नका असं मी सांगेन. नुसतं बसा, फिरून बघा, सालीला हात लावा. वेडेपणा वाटेल पण हाताला कळलेलं डोळ्याला नंतर बरोबर दिसतं.

पेन्सिल: निदान दोन बैठका

ही पायरी लोक गाळतात. गाळू नका. अमेरिकेतला चित्रकार ॲशर ड्युरंड, हडसन रिव्हर नावाच्या निसर्गचित्रकारांच्या गटातला, त्याने १८५५ मध्ये नवशिक्यांसाठी पत्रं छापली होती, त्यातही हेच की आधी पॅलेट-ब्रश नाही, कागद-पेन्सिल घ्या आणि बाह्यरेषा इमानदारीने काढा.

पण पेन्सिलीचा खरा राजा म्हणजे जर्मनीतला कास्पार डाव्हिड फ्रीडरिश. त्याची ती धुक्यातली, बर्फातली झाडं स्वप्नासारखी वाटतात ना, पण त्यातला एकेक ओक आधी बाहेर बसून, टोकदार पेन्सिलने, फांदी फांदी मोजून काढलेला आहे. रेखाटनावर तारीख घालायचा. आणि एकदा काढलेला ओक तो वर्षानुवर्षं वापरायचा, एका चित्रात बर्फात, दुसऱ्यात थडग्याजवळ. म्हणजे स्वप्न सगळं रचलेलं, पण झाड खरं. माझ्या मते त्याच्या चित्रांची जादू इथेच आहे, झाडावर आपला विश्वास बसतो म्हणून मग बाकीच्यावरही बसतो.

आता करायचं कसं. एचबी किंवा टूबी पेन्सिल, फार मऊ नको. हात सरळ ताठ करा, एक डोळा मिटा, पेन्सिलवर अंगठा सरकवून बुंध्याची रुंदी मोजा. ती रुंदी झाडाच्या उंचीत किती वेळा बसते ते मोजा. बहुतेक लोकांचा अंदाज इथेच चुकतो, आपण खोड नेहमी जाड काढतो आणि घेर लहान, कारण शाळेतला तो गड्डा डोक्यात बसलाय. आकडा आला की कागदावर वर-खाली दोन खुणा करा आणि त्याच्या बाहेर जायचं नाही अशी शपथ घ्या.

मग सांगाडा. बुंध्यापासून वर जा, शेंड्यापासून खाली येऊ नका, झाड जसं वाढलं तसंच काढायचं. इथे तीन गोष्टी बघायच्या आणि या कळल्या की अर्धं काम झालं.

एक, फांदी गाजरासारखी हळूहळू निमुळती होत जात नाही. ती एका फाट्यापासून दुसऱ्या फाट्यापर्यंत जवळपास तेवढीच जाड राहते आणि फाटा फुटला की एकदम बारीक होते. लिओनार्दोने याचा हिशोबच मांडला होता, की फुटलेल्या सगळ्या फांद्यांची जाडी एकत्र केली तर खालच्या खोडाएवढी भरते. अगदी फूटपट्टीने नका बघू, पण हे डोक्यात ठेवलं तर त्या मुळ्यासारख्या फांद्या निघायच्या बंद होतात.

दोन, फांद्या डावी-उजवीकडे जेवढ्या जातात तेवढ्याच तुमच्याकडे आणि तुमच्यापासून लांबही जातात. आपण फक्त डावी-उजवीकडच्या काढतो, मग झाड हर्बेरियममध्ये दाबून ठेवल्यासारखं चपटं दिसतं. तुमच्या अंगावर येणारी एक तरी फांदी शोधा. ती आखूड दिसते, तिचा गोल काप दिसतो, खोडाचा थोडा भाग ती झाकते. ही काढणं अवघड आहे, पहिल्या चार वेळा ती बटाट्यासारखी दिसेल, तरी काढा.

तीन, प्रत्येक जातीची स्वतःची चाल असते. ओक कोपरातनं वाकल्यासारखा झटके देत वाढतो, जाड फांद्या आडव्या जातात. ॲशच्या फांद्या समोरासमोर जोडीने फुटतात, खाली झुकतात आणि टोकाला परत वर वळतात, ती वळलेली टोकं म्हणजे ॲशची सही. बीचची साल गुळगुळीत करडी, तिथे ओकच्या भेगा काढल्या तर संपलंच. अलेक्झांडर कोझेन्स या इंग्रज चित्रकाराने तर १७७१ मध्येच बत्तीस जातींच्या झाडांचे आकार, सांगाडे आणि पानोळा वेगवेगळे काढून छापले होते, सांगाडा वेगळा आणि पानं वेगळी, ही अक्कल तेव्हापासूनची.

सांगाडा शिकायला इकडे हिवाळा बेस्ट, नोव्हेंबर ते मार्च पानगळीची सगळी झाडं उघडी. थंडीने बोटं गोठतात म्हणून बोटं कापलेले हातमोजे घाला. महाराष्ट्रातून वाचत असाल तर तुमच्याकडे तो मोसम फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, साग, पळस, काटेसावर पानं गाळून उभे असतात, तेव्हा करून घ्या. वडाचं मात्र वेगळंच प्रकरण आहे, पारंब्या खाली आल्या की फांदी कुठली आणि खोड कुठलं हाच गोंधळ, पहिलं झाड म्हणून वड घेऊ नका, कितीही मोह झाला तरी.

शेवटी कागदाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, ऊन कुठून होतं ते लिहा. कॉन्स्टेबल आकाशाच्या स्केचेसमागे वाऱ्याची दिशासुद्धा लिहायचा. सहा महिन्यांनी हेच टिपण कामाला येतं.

कागद आणि रंग तयार करणं

हे घरी, आदल्या आठवड्यात.

कॅनव्हास नको, कागदच घ्या, स्वस्त पडतो आणि कागद आहे म्हटल्यावर आपण घाबरत नाही. ३०० जीएसएमचा वॉटरकलर कागद चालतो. पण थेट कागदावर ऑइल लावू नका, तेल कागदात मुरतं, रंग निस्तेज होतो आणि काही वर्षांनी कागद ठिसूळ होऊन तुटतो. आधी ॲक्रिलिक जेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात द्या, एक आडवा एक उभा, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. दुसऱ्या हातात थोडा ॲक्रिलिकचाच बर्न्ट सिएना आणि ओकर मिसळा, म्हणजे कागद फिक्कट विटकरी होईल. कॉन्स्टेबल असल्याच उबदार, लालसर-तपकिरी अस्तरावर काम करायचा आणि ठिकठिकाणी ते अस्तर तसंच उघडं सोडायचा. फायदा दोन प्रकारचा आहे, एक म्हणजे पांढऱ्या कागदाची भीती जाते, आणि दुसरं म्हणजे हिरव्याच्या मधूनमधून ती विटकरी छटा डोकावते आणि हिरवा जिवंत होतो. याच्याशिवाय केलेलं माझं एक चित्र आहे, सबंध हिरवं, प्लास्टिकच्या तुळशीसारखं.

रंग कमी न्या. पांढरा, यलो ओकर, एक लिंबू पिवळा, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, प्रशियन ब्लू किंवा अल्ट्रामरीन, काळा. बस. तयार हिरवी ट्यूब घरी ठेवा. आजचा आपला लाडका विरिडियन हिरवा कॉन्स्टेबलच्या हयातीत मिळतच नव्हता, निळ्या-पिवळ्यातनंच तो बहुतेक हिरवे काढायचा. ट्यूबसुद्धा नव्हत्या, पिळायची पत्र्याची ट्यूब जॉन रँडने १८४१ मध्ये पेटंट केली आणि कॉन्स्टेबल १८३७ ला गेला, त्याचे रंग डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशव्यांत बांधलेले असायचे, टाचणीने भोक पाडायचं आणि पिळायचं. आपण काय तक्रार करतोय.

एक सुरक्षेची गोष्ट, हसू नका. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून पिशवीत कोंबून ठेवू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या डब्यात टाका.

खोड: हाच खरा धडा

वेळ ठरवून घ्या. पिएर-आंरी द व्हॅलेंसिएन या फ्रेंच चित्रकाराने १८०० मध्ये छापलेल्या पुस्तकात सांगितलंय की निसर्गासमोरचा अभ्यास जास्तीत जास्त दोन तासांत संपवा, आणि सूर्योदय-सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासात. हिशोब सोपा आहे, सूर्य तासाला १५ अंश सरकतो, दोन तासांत ३० अंश, तेवढ्यात सावली खोडाच्या एका बाजूने निघून दुसरीकडे पोचायला लागते आणि तुम्ही तिच्या मागे मागे रंगवत बसलात तर दोन सूर्य असल्यासारखं चित्र होतं. म्हणून दोन तास, मोबाईलवर टायमर, आणि टायमर वाजला की ब्रश खाली. राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला या.

पहिली दहा मिनिटं: अंबर भरपूर टर्पेंटाइनने पातळ करून, चपट्या ब्रशने, खोडाच्या दोन कडा आणि सावलीचा पट्टा. बारीकसारीक काही नाही. डोळे किलकिले करून बघा, खोड फक्त दोन भागांत दिसायला हवं, उजेडातलं आणि सावलीतलं. ती हद्द सरळ रेघ नसते, गाठींवरून वळत वळत जाते, ती वळणं नीट पकडा, गोलाई त्यातूनच येते.

पुढची पंधरा मिनिटं: खोड नाही, खोडाच्या मागचं. हे उलटं वाटतं, पण कॉन्स्टेबलच्या त्या एल्मकडे बघा, मागच्या उन्हातल्या हिरवळीमुळेच खोड पुढे येतं. मागचं सपाट, मऊ, कडा न दाखवता भरून टाका. मागे जेवढं कमी सांगाल तेवढं खोड बोलेल.

आता खोडाचा रंग. नीट बघा आणि मग सांगा मला, चॉकलेटी आहे का? जवळपास कधीच नसतो. करडा असतो, त्यात हिरवट शेवाळ, उजेडात गुलाबीसर, आणि बुंध्याजवळ गवताचा हिरवा उजेड खालून वर मारलेला. सावलीत आकाशाचा निळा. मी असं करते, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून एक गडद करडा ढीग करते, त्याचे तीन भाग, एकात ओकर, एकात पांढरा, एक तसाच. अख्खं खोड याच तीन ढिगांतनं निघतं, शेवटी चार-दोन ठिकाणी वेगळा रंग लागला तर लागला.

सावली पातळ ठेवा, उजेड जाड. सावलीत खालचं विटकरी अस्तर दिसू दे, खरवडलं तरी चालेल. उजेडात मात्र रंग भरपूर घ्या, तेल न घालता, आणि ब्रश सालीच्या दिशेने ओढा. भेगा काळ्या रेघांनी काढायच्या नाहीत. ही सगळ्यात मोठी चूक, आपण भेग काढतो, वास्तविक काढायचं असतं ते भेगांच्या मधलं सालीचं ढेकूळ. ढेकळाचा उजेडातला माथा ठेवा, की बाजूची भेग आपोआप उरते. ब्रशच्या मागच्या टोकाने ओल्या रंगात चार ओरखडे मारा. पॅलेट नाइफची कड हलकीच टेकवून एक-दोन चमक. झालं, थांबा.

सगळीकडे सारखी साल काढू नका हे ओरडून सांगावंसं वाटतं. उजेड आणि सावली जिथे भेटतात त्या पट्ट्यात सालीचा पोत सगळ्यात जास्त दिसतो, भर उन्हात तो विरघळतो आणि गडद सावलीत बुडतो. सगळी मेहनत त्या पट्ट्यात घाला. माझं पहिलं खोड कडेपासून कडेपर्यंत सारख्या सालीचं होतं, मैत्रीण म्हणाली मगर छान आलीये.

असली निदान पाच खोडं करा, वेगवेगळ्या दिवशी. मग पानांकडे जा.

पानं, म्हणजे खरं तर पानांचे पुंजके

इथे मी थोडक्यात सांगते, कारण खोड जमलं तर हे निम्मं सोपं होतं, आणि खोड जमलं नसेल तर कितीही सांगून उपयोग नाही.

पानं मोजायची नाहीत. फांद्यांच्या टोकांना पानांचे पुंजके लागलेले असतात, तुमच्या पेन्सिल-सांगाड्यावर ते कुठे बसतात ते बघा. प्रत्येक पुंजक्याला वरचा माथा, बाजू आणि पोट असतं, माथा आकाशाच्या उजेडाने थंड आणि फिका, पोट गडद आणि उबदार. आधी सगळी पोटं एका गडद रंगात टाका. काळा आणि ओकर मिसळून बघा, मस्त ऑलिव्ह हिरवा होतो, कोणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. मग बाजू, मग माथे.

हिरवा एक नसतो. देलाक्र्वा या फ्रेंच चित्रकाराने नोंदवून ठेवलंय की कॉन्स्टेबलच्या मते त्याच्या कुरणांचा हिरवा सरस वाटतो कारण तो अनेक वेगवेगळ्या हिरव्यांचा बनलेला असतो. म्हणून पॅलेटवर एक मोठा हिरवा ढीग घोटत बसू नका, पाच छोटे ढीग अर्धवट मिसळलेले ठेवा. आणि कुठेतरी एक लाल ठिपका, घोड्याच्या साजाचा, कुणाच्या जॅकेटचा, चालेल, बाकी हिरवे त्याने जागे होतात. कॉन्स्टेबलच्या 'हे वेन' (गवताची गाडी) या प्रसिद्ध चित्रातल्या घोड्यांच्या गळ्यातला लाल साज बघा म्हणजे कळेल.

झाडातून दिसणारी आकाशाची भोकं सगळ्यात शेवटी, आणि मोकळ्या आकाशापेक्षा थोड्या गडद रंगाने. तोच रंग वापरला तर झाडावर चुना उडाल्यासारखं दिसतं. भोकं मोजकी, एकसारख्या आकाराची नकोत. पावसानंतर पानांवर जी चकचक दिसते तिच्यासाठी कॉन्स्टेबल पांढऱ्याचे बारीक फटके मारायचा, टीकाकारांनी त्याला 'कॉन्स्टेबलचा बर्फ' म्हणून हिणवलं. आपल्याला हिणवणारं कोणी नाही, तरी पाच-सहाच मारा.

ओलं चित्र घरी आणणं

रिकामा, स्वच्छ पिझ्झाचा बॉक्स. कागद तळाला चारी कोपऱ्यांना टेपने चिकटवा, झाकण लावा, ट्रेनमध्ये मांडीवर ठेवा. मॅनिंगट्री स्टेशनवर मला एकाने विचारलं होतं, कुठला पिझ्झा. एवढं पुरे.

घरी बसून मोठं चित्र

ही सगळी उठाठेव कशासाठी, तर या लोकांची बहुतेक मोठी चित्रं बाहेर बसून केलेली नाहीत. 'हे वेन' १८२१ चं, सफोकमधल्या फ्लॅटफर्डचं दृश्य, पण रंगवलं लंडनला, जुन्या स्केचेसवरून. मधे कॉन्स्टेबलने पूर्ण आकाराचं एक कच्चं चित्रही केलं, तेही व्ही अँड एमध्येच आहे आणि मला तर ते पक्क्यापेक्षा जास्त आवडतं. गाडी कशी असते हे नीट आठवेना तर गावाकडच्या तरुण मित्राकडून गाडीचं रेखाटन मागवलं. हेच चित्र १८२४ मध्ये पॅरिसच्या सलों या मोठ्या प्रदर्शनात गेलं आणि सुवर्णपदक घेऊन आलं.

कोरो या फ्रेंच चित्रकाराचं उदाहरण अजून साफ आहे. त्याने फोंतेनब्लोच्या जंगलात १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला ओकचा एक ऑइल स्टडी केला आणि १८३५ च्या 'हागार' या बायबलच्या मोठ्या चित्रात तेच झाड उचलून वाळवंटात नेऊन लावलं. दोन्ही चित्रं आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत, फोटो शेजारी शेजारी लावून बघा, फार शिकायला मिळतं, काय ठेवलं आणि काय सोडलं ते.

तर तुम्हीही तसंच. पेन्सिलचा सांगाडा, खोडाचे पाच स्टडी, पुंजक्यांचे दोन-तीन, आकाशाचं एखादं, हे सगळं भिंतीवर लावा आणि मोठ्या कॅनव्हासवर नवीन चित्र रचा. फोटो बघायचा असेल तर फक्त एकदा, नंतर मोबाईल दुसऱ्या खोलीत. फोटोत सावल्या काळ्या होतात आणि आकाश पांढरं पडतं, तुमच्या स्टडीत जे डोळ्याने बघितलंय ते फोटोत नाहीच. अडलं तर परत झाडाकडे जा. एकाच खोडासाठी मी तीनदा गेलेय, दर वेळी पाऊण तासाचा प्रवास करून.

मूड म्हणजे ते 'रोमँटिक' वातावरण या टप्प्यावर आणायचं, आधी नाही. धुकं घाला, संध्याकाळ करा, झाड एकटं करा, फ्रीडरिशने तेच केलं. पण बाहेर बसल्यावर मूड शोधत बसलात तर झाड बघायचं राहून जातं.

ॲश, जमलं तर यंदाच

त्या चित्रातला एल्म आज शोधायला गेलात तर मिळणार नाही. डच एल्म रोगाने १९७० च्या दशकात इंग्लंडमधले कोट्यवधी एल्म गेले, कॉन्स्टेबलच्या खोऱ्यातलेही. आता पाळी ॲशची आहे, २०१२ मध्ये इथे त्याला मारणारी बुरशी पहिल्यांदा सापडली आणि शेंडे वाळलेले ॲश हल्ली सगळीकडे दिसतात.

ॲश कॉन्स्टेबलचा फार लाडका. हॅम्पस्टेडच्या रस्त्यावरच्या एका ॲशचं त्याने सुंदर रेखाटन केलं होतं, आणि १८३६ च्या भाषणात लोकांना ते दाखवून सांगितलं की ही तरुण मुलगी मनाला लागून मेली. झालं असं की भिकाऱ्यांना कायद्याचा धाक घालणारी पाटी कोणीतरी तिच्या अंगात लांब खिळे ठोकून लावली होती, त्यानंतर शेंडा वाळत गेला आणि शेवटी तिला पाटी लावता येईल एवढ्या उंचीवर कापून टाकलं.

मी दोन हिवाळे ज्या ॲशचा सांगाडा काढतेय तो नदीच्या वाटेवर, फ्लॅटफर्डच्या अलीकडे आहे. या मार्चमध्ये गेले तर खोडावर छातीच्या उंचीला केशरी स्प्रेचा गोल ठिपका होता, तोडायच्या झाडांना करतात तसा. स्टूल टाकलं, टायमर लावला. ठिपका डावीकडच्या गाठीच्या जरा खाली होता, अर्धा उजेडात आणि अर्धा सावलीत, आणि सावलीतल्या अर्ध्याचा रंग मिसळायलाच त्या दिवशी वीस मिनिटं गेली.